अँड्र्यू मोशन: काय विकत घ्यावं, काय ग्रंथालयातून आणावं, काय सोडून द्यावं

इंग्रज कवी-चरित्रकार अँड्र्यू मोशन यांचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर डोळे झाकून त्यांनी लिहिलेलं इंग्रज कवी फिलिप लार्किनचं चरित्र घ्या. 'फिलिप लार्किन: अ रायटर्स लाइफ', फेबर अँड फेबर, १९९३. कवितेचंच पुस्तक हवं असेल तर २०२३ चं 'न्यू अँड सिलेक्टेड पोएम्स'. बाकी जे आहे, आणि ते पुष्कळ आहे, ते ग्रंथालयातून आणून वाचलं तरी भागतं. त्यातलं काही तर आणलं नाही तरी काही अडत नाही.

इतकं रोखठोक सांगायला कारण आहे. या माणसाने पन्नासेक वर्षांत इतक्या खुर्च्या सांभाळल्या आणि इतक्या तऱ्हेचं लिहिलं की नवा वाचक हमखास चुकीचं पुस्तक उचलतो. कवी, नियतकालिकाचे संपादक, प्रकाशनसंस्थेतले कविता-संपादक, चरित्रकार, प्राध्यापक, दहा वर्षं ब्रिटनचे राजकवी, आणि वर स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'चे दोन उत्तरभाग. इंटरनेटवर नाव टाकलं की आधी समोर येतात राजघराण्यातल्या लग्न-वाढदिवसांच्या कविता. त्या वाचून 'हा कसला कवी' म्हणून माणूस जो पाठ फिरवतो तो कायमचाच. चूक वाचकाची नसते, पण नुकसान त्याचंच होतं.

थोडक्यात ओळख करून घेऊ. जन्म १९५२, लंडनचा. बालपण एसेक्समधल्या खेड्यात, वडील मद्यनिर्मितीच्या धंद्यात, घरात पुस्तकांपेक्षा घोडे जास्त. मोशन शाळेत असतानाच आई घोड्यावरून पडली, मेंदूला मार बसला आणि पुढची नऊएक वर्षं ती कधी शुद्धीत, कधी बेशुद्धीत अशी इस्पितळात राहिली. १९७८ साली गेली. मोशन यांच्या कवितेतलं जे टिकाऊ आहे त्यातलं निम्मं या एका घटनेतून आलेलं आहे. ऑक्सफर्डला असताना १९७५ चं न्यूडिगेट काव्य-पारितोषिक मिळालं, एडवर्ड थॉमसच्या कवितेवर प्रबंध झाला, आणि १९७६ साली ते हल विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेले. तिथल्या ग्रंथालयाचा प्रमुख होता फिलिप लार्किन. दोघांची ओळख झाली, मैत्री झाली, आणि लार्किनने पुढे आपल्या मृत्युपत्रात साहित्यिक वारसा सांभाळणाऱ्यांत मोशन यांचं नाव घातलं. लार्किन २ डिसेंबर १९८५ रोजी गेला. तिथून चरित्राचं काम सुरू झालं.

आता हे चरित्र इतकं चांगलं का, ते पाहू. पाचशेहून अधिक पानांचा ठोकळा आहे. १९९३ चं व्हिटब्रेड चरित्र-पारितोषिक त्याला मिळालं. पण पारितोषिकावरून पुस्तक जोखू नये. या पुस्तकाची ताकद कागदपत्रांत आहे. लार्किन आपल्या कवितेच्या वह्या जपून ठेवायचा. कुठल्या कवितेची पहिली ओळ कधी लिहिली, काम कुठे अडलं, किती महिन्यांनी परत हातात घेतली, हे त्या वह्यांवरून कळतं. मोशन हा हिशेब नीट मांडतात. 'द व्हिटसन वेडिंग्ज'चंच बघा. हलहून लंडनला जाणाऱ्या गाडीतून लार्किनला एकामागून एक स्टेशनांवर लग्नाची वऱ्हाडं दिसली ती १९५५ च्या उन्हाळ्यात. कविता पुरी झाली १८ ऑक्टोबर १९५८ ला. एका प्रवासाच्या कवितेला तीन वर्षं लागली. 'ओबाद'चं तसंच. १९७४ साली सुरू करून बाजूला टाकलेली मरणाच्या भीतीची ही कविता १९७७ च्या नोव्हेंबरात आई गेल्यावर लार्किनने पुन्हा काढली आणि त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर छापून आणली. वरवर सहज वाटणाऱ्या ओळींमागे किती घासाघीस आहे ते इथे तारखांनिशी दिसतं. कविता लिहिणाऱ्याने निदान एवढ्यासाठी तरी हे पुस्तक वाचावं.

दुसरी गोष्ट, जे कागद उरलेच नाहीत त्यांची कथा. लार्किनने तरुणपणापासून रोजनिशी ठेवली होती, तीसेक वह्या तरी असतील. शेवटच्या आजारात त्याने त्या नष्ट करायला सांगितल्या. त्याची सेक्रेटरी बेटी मॅकरेथ हिने त्या ग्रंथालयातल्या कागद फाडायच्या यंत्रात घातल्या, आणि तो भुगा विद्यापीठाच्या बॉयलरमध्ये गेला. उरले ते वह्यांचे पुठ्ठे, आतल्या बाजूला चिकटवलेल्या कात्रणांसकट. मृत्युपत्राची तऱ्हा आणखीच. एका कलमात अप्रकाशित लेखन न वाचता नष्ट करा, तर दुसऱ्या कलमात विश्वस्तांना ते छापायची मुभा. वकिलांनी मजकूर परस्परविरोधी ठरवला आणि कागद वाचले. चरित्रकाराच्या हातात नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, हे ठाऊक ठेवून हे पुस्तक वाचायला हवं. पानोपानी पुरावा आहे, पण मधला एक मोठा कप्पा कायमचा रिकामा आहे.

पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात गदारोळ झाला. आदल्याच वर्षी अँथनी थ्वेट यांनी संपादित केलेली लार्किनची निवडक पत्रं आली होती आणि त्यांतली वंशद्वेषी, स्त्रियांविषयीची हीन भाषा लोकांनी वाचली होती. पाठोपाठ हे चरित्र आलं. त्यात नाझी जर्मनीचं कौतुक असलेले कॉव्हेंट्रीचे नगर-खजिनदार वडील, मोनिका जोन्स, मेव्ह ब्रेनन आणि बेटी मॅकरेथ अशी एकाच वेळी चाललेली तीन नाती, पैशाबाबतचा चिक्कूपणा, दारू. मोशन मित्र होते, वारस होते, तरी त्यांनी यातलं काही झाकलं नाही. आपल्याकडे चरित्रनायकाला हार घालूनच बसवायची रीत आहे. कवीच्या जवळच्या माणसाने लिहिलेल्या चरित्रात एवढा उघडेपणा मराठी वाचकाला क्वचितच भेटतो, त्यामुळे पहिल्या वाचनात धक्का बसेल. बसू द्यावा.

दोष नाहीत असं नाही. लार्किन कमालीचा विनोदी माणूस होता. ग्रंथालयातले सहकारी आणि जुने मित्र तो आठवतात तेव्हा हसत आठवतात. मोशन यांच्या लार्किनमध्ये तो हशा फार पातळ झालाय. सगळं पुस्तक एकाच करड्या रंगात रंगवल्यासारखं वाटतं. शिवाय अमुक बाईशी तमुक झालं, म्हणून ही कविता, असा सरळ धागा ते जरा जास्तच वेळा ओढतात. कविता कधी कधी नुसत्या एका शब्दाच्या नादातूनही निघते, हे स्वतः कवी असून ते तिथे विसरतात. आणि नंतर बरंच साहित्य बाहेर आलं. मोनिकाला लिहिलेली पत्रं २०१० साली पुस्तकरूपाने आली, घरच्यांना लिहिलेली २०१८ साली. ती वाचली की आई-मुलाचं नातं मोशन दाखवतात त्याहून बरंच ऊबदार होतं असं दिसतं. जेम्स बूथ यांचं २०१४ चं चरित्र तर बऱ्याच अंशी या पुस्तकाला दिलेलं उत्तर आहे. बूथ लार्किनची बाजू घेतात, कधी कधी फारच घेतात. दोन्ही वाचायला सवड असेल तर आधी मोशन, मग बूथ. उलट क्रमाने वाचलं तर बूथ कोणाशी भांडताहेत तेच कळत नाही.

वाचायची सोय कशी करावी? चरित्राशेजारी लार्किनच्या कविता उघड्या हव्यातच, आणि इथे आवृत्तीचा घोळ होतो. 'कलेक्टेड पोएम्स' या एकाच नावाने थ्वेट यांच्या दोन वेगळ्या आवृत्त्या बाजारात आहेत. १९८८ च्या आवृत्तीत कविता लिहिल्याच्या क्रमाने लावल्या आहेत आणि प्रत्येकीखाली तारीख आहे. २००३ च्या आवृत्तीत लार्किनच्या मूळ संग्रहांचा क्रम परत आणलाय. नुसत्या कविता वाचायला २००३ ची चांगली, कारण संग्रहात कवितांचा क्रम लावताना लार्किन फार विचार करायचा. चरित्राबरोबर वाचायला मात्र १९८८ चीच घ्या. मोशन १९५४ च्या जुलैत पोहोचले की तुम्हीही पानं चाळून त्याच महिन्यातल्या 'चर्च गोइंग'वर थांबू शकता. जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारताना साल सांगून विचारा, नाहीतर हमखास दुसरीच गळ्यात पडते. आर्ची बर्नेट यांची २०१२ ची 'कम्प्लीट पोएम्स' सगळ्यांत पूर्ण आहे, टिपाही भरपूर आहेत, पण ती अभ्यासकांची. एका मांडीवर चरित्र आणि दुसऱ्या मांडीवर ती, हे काही जमायचं नाही.

कॉव्हेंट्रीतल्या बालपणाची प्रकरणं संथ आहेत. तिथे कंटाळा आला तर सरळ १९४३ मधल्या, इंग्लंडातल्याच वेलिंग्टन गावच्या छोट्या ग्रंथालयात उतरा, जिथे लार्किनची पहिली नोकरी लागली. तिथून लेस्टर, बेलफास्ट, आणि १९५५ पासून हल. नोकरी आणि कविता एकमेकींना कशा धरून राहिल्या हा या चरित्राचा खरा गाभा आहे. वडिलांविषयीची पानं नंतर मागे जाऊन वाचली की जास्त लागतात.

'कीट्स' (फेबर, १९९७) हे दुसरं मोठं चरित्र. याच्याबद्दल मत जरा जपून द्यावं लागतं. कीट्सवर आधीच तीन भक्कम चरित्रं होती. वॉल्टर जॅक्सन बेट आणि आयलीन वॉर्ड यांची १९६३ ची, रॉबर्ट गिटिंग्ज यांचं १९६८ चं. मग चौथं कशाला? मोशन यांचं उत्तर असं की कीट्सला आपण फार नाजूक करून ठेवलंय. फुलं, बुलबुल, क्षय आणि पंचविसाव्या वर्षी मरण. त्याचं राजकारण कुणी पाहिलंच नाही. एनफील्डच्या क्लार्क यांच्या शाळेतलं उदारमतवादी वातावरण, ली हंटच्या 'एक्झामिनर' या साप्ताहिकाचा प्रभाव, 'कॉकनी' (लंडनच्या खालच्या थरातला) म्हणून झालेल्या टीकेमागचा वर्गीय द्वेष, हे सगळं ते तपशिलाने उभं करतात. 'टू ऑटम' ही कविता १९ सप्टेंबर १८१९ ची, विंचेस्टरची. त्याच्या महिनाभर आधी, १६ ऑगस्टला, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर शांतपणे जमलेल्या जमावावर घोडदळ घातलं गेलं होतं, तेच पीटरलू हत्याकांड. ही दोन टोकं मोशन जोडून पाहतात. जोड सैल आहे, पण ती ते ओढूनताणून घट्ट करत नाहीत, हे चांगलं.

पुस्तकाचा सर्वांत सरस भाग गाइज हॉस्पिटलचा. १८१५ च्या ऑक्टोबरात कीट्स तिथे दाखल झाला, पुढच्या वर्षी शस्त्रवैद्यांचा ड्रेसर म्हणून काम करू लागला आणि १८१६ च्या जुलैत औषधवैद्याचा परवाना त्याने मिळवला. ड्रेसर म्हणजे काय, तर जखमा बांधायच्या, रक्त पुसायचं, शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याला धरून ठेवायचं. तेव्हा भूल नव्हती. त्याच्या वाट्याला आलेला सर्जन ल्यूकस हाताचा धसमुसळा म्हणून कुप्रसिद्ध होता. हे वाचल्यावर ओळी त्याच राहतात, पण त्यांच्या कर्त्याचं हळवं चित्र पुसलं जातं. आपल्याकडे बी.ए.च्या वर्गात कीट्स शिकताना हा भाग कुणी सांगत नाही. वर्गात शिकवणाऱ्यांनी निदान ही प्रकरणं तरी वाचावीत.

मधला भाग मात्र रेंगाळतो. प्रत्येक दीर्घ कवितेचं लांबलचक विवेचन येतं. 'एंडिमियन'वरची पानं तर कवितेइतकीच थकवतात. तिथे पुढे सरकायला काही हरकत नाही. मग १८१८ च्या डिसेंबरात धाकटा भाऊ टॉम क्षयाने जातो आणि पुस्तक पुन्हा पकड घेतं ते शेवटपर्यंत. १८२० च्या सप्टेंबरात 'मारिया क्राउदर' जहाजातून चित्रकार मित्र सेव्हर्नबरोबर नेपल्सला प्रवास, बंदरात दहा दिवस अडकून पडणं, मग रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांलगतची खोली, आणि २३ फेब्रुवारी १८२१ ला मरण. मोशन यांनी हा सागरी मार्ग स्वतः बोटीतून पुन्हा पालथा घातला होता. त्यावरचं गद्य 'सॉल्ट वॉटर' (१९९७) या त्यांच्या संग्रहात आहे, आणि चरित्राच्या शेवटच्या प्रकरणांआधी ते वाचलं तर समुद्राची पानं अधिक उघडतात. काव्यविचार हवा असेल तर बेट, तारखा-तपशील हवे असतील तर गिटिंग्ज, आणि माणूस त्याच्या काळात उभा पाहायचा असेल तर मोशन. निकोलस रो यांचं २०१२ चं चरित्र त्यानंतरचं. दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर ते पानं उलटून, चव बघून ठरवा.

चरित्रांतलं पहिलं, 'द लॅम्बर्ट्स' (१९८६), कोणी फारसं वाचत नाही, याचं वाईट वाटतं. चित्रकार जॉर्ज, त्याचा मुलगा संगीतकार कॉन्स्टंट, आणि नातू किट, जो 'द हू' या रॉक बँडचा व्यवस्थापक. तिघेही प्रतिभावान, आणि पुढच्या दोघांना दारू नि अमली पदार्थांनी खाल्लं. एका घराण्याचा ऱ्हास तीन अंकी नाटकासारखा दाखवायला मोशन यांनी जी मांडणी केली ती साधी नव्हे. सॉमरसेट मॉम पारितोषिक मिळालेलं हे पुस्तक जुन्यात मिळालं तर सोडू नका.

'वेनराइट द पॉयझनर' (२०००) मात्र फसलेला प्रयोग. टॉमस ग्रिफिथ्स वेनराइट हा चित्रकार-लेखक, बनावट सह्या करून पैसे उचलणारा, आणि नातलगांना विष घातल्याचा संशय असलेला. १८३७ साली खोट्या दस्तऐवजाबद्दल टास्मानियाला काळ्या पाण्यावर गेला आणि १८४७ ला तिथेच मेला. मोशन यांनी त्याचा कबुलीजबाब त्याच्याच तोंडून लिहिला आणि प्रत्येक प्रकरणामागे खऱ्या पुराव्याच्या टिपा जोडल्या. कल्पना झकास. होतं असं की टिपा कबुलीजबाबापेक्षा जास्त रंगतात. वाचक गोष्ट भराभर उरकून टिपांकडे पळतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोशन यांचा हात सर्वांत चांगला चालतो तो दुसऱ्या कुणाचे खरे कागद समोर असताना. कागद बाजूला सारून कल्पनेने चालायला लागले की गद्य भरजरी होतं आणि दम टाकतं. कीट्स जगला असता तर, अशा धर्तीवरचं 'द इन्व्हेन्शन ऑफ डॉ. केक' (२००३) आणि 'सिल्व्हर' (२०१२), 'द न्यू वर्ल्ड' (२०१४) या साहसकथा याच पंक्तीतल्या. स्टीव्हन्सनचे चाहते असाल तर 'सिल्व्हर' ग्रंथालयातून आणा. विकत नको.

आता कविता. मोशन यांची कविता आवाज चढवत नाही. लार्किन आणि एडवर्ड थॉमस यांच्या घराण्यातली, साध्या वाक्यांची, गोष्ट सांगणारी आणि गोष्टीतला एक दुवा मुद्दाम गाळणारी. सुरुवातीची 'ॲन फ्रँक हाउस' पाठ्यपुस्तकांतून गेली आहे, बरी आहे. खरी ताकद पाहायची तर 'पब्लिक प्रॉपर्टी' (२००२) मधली 'सेरेनेड' वाचा. सेरेनेड म्हणजे आईची घोडी. कवितेचा बराच मोठा भाग नालबंद घोडीला नाल ठोकतो त्याच्या वर्णनात जातो. तापलेला नाल, खुराचा धूर, माणसाचं वाकून पाय मांडीत धरणं, सगळं निवांत, घाई नाही. आई ज्या घोडीवरून पडली ती हीच, हे उशिरा येतं. आणि तिथेही कवी हंबरडा फोडत नाही, पुढे त्या घोडीचं काय झालं एवढंच सांगतो. आई इथे प्रत्यक्ष येतच नाही म्हटलं तरी चालेल. वाचकाला ती मिळते ती घोडीच्या पाठीवरच्या रिकाम्या जागेत. एवढी एक कविता आवडली तर मोशन तुमचे कवी. नाही आवडली तर बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

तोच विषय गद्यात 'इन द ब्लड' (२००६) या आठवणींत आणि पद्यात 'एसेक्स क्ले' (२०१८) या पुस्तकभर पसरलेल्या कवितेत आहे. 'इन द ब्लड' किशोरवयीन मुलाच्या नजरेतून लिहिलंय. मोठेपणीचं शहाणपण मध्ये घुसू दिलेलं नाही, त्यामुळे ते टिकतं. दोन्हींतलं एक हवं असेल तर हे. २०२३ चं 'स्लीपिंग ऑन आयलंड्स' हे पुढचं आयुष्य: कवी ऑडेन, लार्किन, राजकवीपद. त्यात माणसं मस्त भेटतात, पण लेखकाला स्वतःविषयी बोलताना संकोच होतो तो लपत नाही. भारतीय वाचकाने 'इंडिपेंडन्स' (१९८१) ही दीर्घ कविता शोधून वाचावी. फाळणीच्या काळातल्या हिंदुस्थानात एका इंग्रजाचा संसार मोडतो त्याची कथा आहे. दंगल पार्श्वभूमीला, मरण घरात. आपल्या बाजूचं दुःख त्यात काठाकाठानेच येतं, हे खटकतं; तरी साम्राज्य आवरून घरी निघालेल्या माणसाची ओसाड मनःस्थिती त्यांनी नेमकी पकडली आहे.

फोनवर किंवा किंडलवर कविता वाचणार असाल तर अक्षर लहान ठेवा आणि फोन आडवा धरा. अक्षर मोठं केलं की लांब ओळ मध्येच तुटते आणि खालच्या तुकड्याला वाचक नवी ओळ समजतो. मोशन यांच्यासारख्या हळू आवाजाच्या कवीचं त्यात सगळ्यांत जास्त नुकसान होतं. जमलं तर छापील प्रतच घ्या.

राजकवीपद. आधीचे राजकवी टेड ह्यूज गेल्यावर १ मे १९९९ ला मोशन यांची नेमणूक झाली. आधी हे पद मरेपर्यंत असे. दहा वर्षांची मुदत घालून ते स्वीकारणारे मोशन पहिले. मानधन वर्षाला ५,००० पौंड, वर परंपरेप्रमाणे शेरी. आपल्याकडे भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, यशवंत बडोद्याचे, पण त्यांच्यामागे रोज छायाचित्रकार आणि पत्रकार नव्हते. मोशन यांना एकीकडून राजघराणं, दुसरीकडून वर्तमानपत्रं. राजमातेच्या निधनावर विलापिका, राजपुत्र विल्यमच्या एकविसाव्या वाढदिवसाला २००३ साली चक्क रॅपच्या चालीवरची कविता. तिची जी थट्टा झाली ती अजून संपलेली नाही. त्याच वर्षी इराक युद्धाविरुद्धही त्यांनी लिहिलं, ते मात्र लोक विसरले. या पदाने आपल्या लेखनाचं नुकसान केलं असं मुदत संपत येताना त्यांनी उघड सांगितलं, आणि ते खरंच आहे. ज्या कवीचं बळ रिकाम्या जागा ठेवण्यात, त्याला तारखेवर, ठरलेल्या विषयावर, सगळं स्पष्ट बोलायला लावलं तर दुसरं काय होणार? या काळातली एकच फर्माइशी कविता आवर्जून वाचावी. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढलेल्यांपैकी शेवटचा हयात ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच याच्यावरची २००८ ची. पॅचचे शब्द, पॅचचं वय, आणि कवी मागे. पुन्हा तेच: समोर दुसऱ्याचा जबाब असला की मोशन खुलतात.

याच पद्धतीने त्यांना पुढच्याच वर्षी अडचणीतही आणलं. २००९ साली युद्धस्मृतिदिनानिमित्त छापलेल्या 'ॲन इक्वल व्हॉइस' या कवितेत त्यांनी इतिहासकार बेन शेफर्ड यांच्या पुस्तकातल्या सैनिकांच्या साक्षी वापरल्या. ऋण मान्य केलेलं होतं, तरी शेफर्ड यांनी चोरीचा आरोप केला. सापडलेल्या मजकुरातून कविता रचायची चाल जुनी आहे, असं मोशन यांचं म्हणणं. कायद्याने बाजू कुणाची ते बाजूला ठेवू. वाचक म्हणून आमचं मत असं की दुसऱ्याने शोधून, चाळून, निवडून ठेवलेल्या साक्षी पुन्हा निवडायच्या तर कवीने स्वतःची भर जास्त घालायला हवी होती. त्यानंतरच्या सैनिकांवरच्या कविता त्यांनी स्वतः सैनिकांना भेटून केल्या, आणि त्या कितीतरी सरस उतरल्या.

संपादक मोशन यांचं ठळक काम म्हणजे ब्लेक मॉरिसन यांच्यासोबतचा १९८२ चा पेंग्विनचा समकालीन ब्रिटिश कवितेचा संग्रह. हीनी, टोनी हॅरिसन, डग्लस डन, क्रेग रेन असे त्या पिढीचे कवी एका जिल्दीत. आयरिश कवी शेमस हीनीने 'ब्रिटिश' या शिक्क्याला हरकत घेऊन पुढच्या वर्षी एक अख्खी काव्यपत्रिकाच लिहिली. कृष्णवर्णीय किंवा आशियाई कवी एकही नाही, ही त्याहून मोठी उणीव, आणि आज ती पहिल्या नजरेला टोचते. १९८०च्या दशकारंभी इंग्लंडात कविता कुठे उभी होती ते पाहायला संग्रह अजून उपयोगी आहे, वर्गात लावायला नाही. त्याच सुमाराला ते 'पोएट्री रिव्ह्यू'चे संपादक होते, पुढे १९८३ ते १९८९ चॅटो अँड विंडस या प्रकाशनसंस्थेत. १९९५ पासून ईस्ट अँग्लिया विद्यापीठात लेखन शिकवलं, मग रॉयल हॉलवे, आणि २०१५ पासून अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स.

एक पैसाही न घालवता मोशन यांच्या कामाची चव घ्यायची असेल तर 'पोएट्री आर्काइव्ह' या संकेतस्थळावर जा. ध्वनिमुद्रक रिचर्ड कॅरिंग्टन यांच्यासोबत त्यांनी ते २००५ साली सुरू केलं. कवीने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या कविता, बऱ्याच ठिकाणी सोबत मजकूरही. हार्डी आणि हाउसमन यांचे आवाज कुणी टिपून ठेवले नाहीत, ही हळहळ या उपक्रमामागे आहे. टेनिसनचं १८९० चं मेणाच्या नळकांड्यावरचं वाचन तिथे ऐकता येतं. खरखर इतकी की इअरफोन लावल्याशिवाय शब्द लागत नाहीत, म्हणून कविता आधी समोर उघडून ठेवा. आजच्या कवींच्या बाबतीत उलट करा: पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका, मग वाचत ऐका. ओळ कुठे तुटते आणि श्वास कुठे तुटतो यातला फरक असाच कळतो. कवी वाचनाआधी दोन वाक्यं बोलतो तीही गाळू नका. परीक्षेच्या गाइडमध्ये ती सापडणार नाहीत. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मोशन यांनीच उभी केलेली 'पोएट्री बाय हार्ट' ही शाळकरी मुलांची पाठांतर-स्पर्धाही पाहून ठेवावी. तिच्या संकेतस्थळावर शतकवार निवडलेल्या कविता आहेत, आणि आपल्या वर्गातली कवितावाचनाची स्पर्धा लावताना ती यादी आयती हाताशी येते.